विषाणूला डावं-उजवं कळत नाही

पाहुणी येणार त्या सकाळी कासवाने दाढी करताना हनुवटी कापून घेतली. कापसाचा बोळा लावून तो तसाच प्रयोगशाळेत गेला. तिथली प्रमुख, हेडबाई, त्याच्याकडे बघून म्हणाली, "लढाई सुरू व्हायच्या आधीच रक्त काढून बसलास होय रे?"

कासव हे नाव प्रयोगशाळेनेच ठेवलेलं. माणूस पन्नाशी ओलांडलेला, विषाणूंवर काम करण्यात केस पिकलेले, पण हात भलताच संथ. शेजारच्या टेबलावरच्यांचं काम उरकून, चहा पिऊन, गप्पा रंगात आल्या तरी हा आपला पिपेट धरून थेंब थेंब सोडत बसलेला असे. त्याला त्या नावाचं कधी वाईट वाटलं नाही. त्याची बायको तर म्हणायची, "कासव कसलं? कासवाला निदान पोहता येतं."

बायको गेल्या हिवाळ्यात गेली. हृदयाचं दुखणं होतं, फार दिवस पुरलं नाही. पण तिच्या डोळ्याचं दुखणं त्याच्या कितीतरी आधीचं होतं, आणि कासवाचं सगळं काम त्या डोळ्यातून निघालेलं होतं.

चौकाच्या पलीकडच्या गल्लीत तिचं किल्ल्या बनवण्याचं दुकान होतं. एके दिवशी तिचा डावा डोळा लाल झाला, उजेड सोसेना. डॉक्टर म्हणाले, हर्पीसचा विषाणू आहे. तापानंतर ओठाच्या कडेला फोड येतात ना, तोच. तो कॉर्नियात, म्हणजे बुबुळावरच्या काचेसारख्या चकतीत शिरलाय. नंतर तो नसांत दडून बसतो आणि मनाला येईल तेव्हा वर येतो. तिने विचारलं, "ते नंतरचं झालं. पण पहिल्यांदा शिरला कुठून?" डॉक्टर हसून म्हणाले, "डोळ्यातून." त्यावर ती फटकन म्हणाली, "चोर घरात घरातून शिरला असं म्हणतं का कोणी? दार कुठलं ते सांगा."

डॉक्टरांना सांगता येईना. घरी येऊन तिने तोच प्रश्न नवऱ्याला विचारला. विषाणूंचं काम करणारा नवरा, त्यालाही सांगता येईना. ती म्हणाली, "मग काय उपयोग तुमचा?"

तिथून सुरुवात झाली. कासवाने कॉर्नियाच्या पेशी प्लेटमधल्या छोट्या वाट्यांत वाढवल्या. खऱ्या डोळ्यात असतात तशा थरावर थर, एकमेकींना घट्ट चिकटलेल्या. त्यावर विषाणू सोडला. हा विषाणू असा तयार केलेला, की ज्या पेशीत शिरेल ती सूक्ष्मदर्शकाखाली हिरवी चमकते. किती हिरवं झालं यावरून किती शिरला ते कळतं. आणि कासवाला जे दिसलं ते असं, की थर अखंड असेल तर विषाणू जवळजवळ शिरतच नाही. त्याला धरायला जी कडी लागते ती पेशीच्या माथ्यावर नसतेच. ती असते बाजूच्या भिंतीत, शेजारच्या पेशीला टेकलेली. पेशी एकमेकींपासून सुटल्या, थर कुठे खरचटला, तरच ती कडी उघडी पडते.

काम छापून आलं तेव्हा बायको होती. तिने चार वेळा वाचून घेतलं, अर्धं कळलं नाही म्हणून चार वेळा भांडली, आणि मग म्हणाली, "म्हणजे दार नाहीच. भिंत फुटली तरच आत." कासव म्हणाला, "अगदी बरोबर." त्या दिवशी दोघंही फार खुशीत होती.

ती गेली आणि काही महिन्यांत दुसऱ्या एका प्रयोगशाळेचा आक्षेप आला. आम्ही हाच प्रयोग करून बघितला, विषाणू अखंड थरात धडाधड शिरतो, तुमचं म्हणणं खोटं. शोधपत्रिकेच्या संपादकांनी कळवलं, एक तर फरक का पडतो ते दाखवा, नाही तर लेख मागे घ्या. हेडबाईने शहाणपणा केला. ती म्हणाली, कागदी भांडण नको, तुमचं एक माणूस इकडे पाठवा, दोघं शेजारी बसून करू देत.

ती पाहुणी आता जिना चढून वर येत होती. तिशीची, डावखुरी, बोलायला आणि चालायला सारखीच भरभर. तिने कोट अंगात घालता घालताच सगळ्यांशी ओळख करून घेतली आणि कासवाला म्हणाली, "सर, राग मानू नका हं. मला आमच्या सरांनी भांडायला पाठवलंय, पण मला भांडता येत नाही. मी फक्त प्रयोग करते."

"मलाही तेवढंच येतं," कासव म्हणाला.

"त्याला तेसुद्धा लवकर येत नाही," हेडबाई म्हणाली. ती कासवाबरोबर शिकलेली, त्याला अरे-तुरे करणारी एकटीच.

ठरलं असं, की पेशी कासवाच्या, विषाणू कासवाचा, एकाच बाटलीतला. फक्त हात दोघांचे. दोघं हवेच्या पडद्याआडच्या पेटीसमोर आळीपाळीने बसले. पाहुणी बसली आणि उठलीसुद्धा. तिची प्लेट इन्क्युबेटरमध्ये गेली तेव्हा कासव पिपेटला टोक लावत होता.

"सर, तुम्ही पेशींना नावं पण ठेवता का?" तिने विचारलं.

"ठेवली असती. पण फार आहेत."

सगळे हसले. कासवही हसला. आपलं काम खरं आहे याबद्दल त्याला तीळभर शंका नव्हती, म्हणून हसू येत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्लेटा यंत्रात घातल्या. हे यंत्र प्रत्येक वाटीतला हिरवा उजेड मोजतं आणि वाटीमागे एक आकडा देतं, बाकी काही नाही. कासवाच्या वाट्यांचे आकडे नेहमीसारखे, अगदी खाली. पाहुणीच्या वाट्यांचे आकडे असे वर, की कासवाला वाटलं यंत्र बिघडलं. हेडबाईने पुन्हा लावून बघितलं. तेच.

"पेशी तुमच्या," पाहुणी हळूच म्हणाली, "विषाणूही तुमचाच."

"हो."

"मग एकच राहतं, सर. बोलू का?"

"बोला की."

"तुम्ही इतका वेळ लावता की बिचारा विषाणू हातात म्हातारा होतो. तुम्ही सोडता तोवर तो मेलेला असतो. थरात शिरत नाही असं तुम्हाला दिसतं, कारण मेलेला काही शिरत नाही."

हे बोलणं तिने टोचून केलं नव्हतं, म्हणूनच ते जास्त लागलं. खोलीत कोणी हसलं नाही. विषाणू बाहेर उघड्यावर फार काळ तग धरत नाही हे कासवाला स्वतःलाच ठाऊक होतं. इतक्या वर्षांत हा विचार आपल्या मनात का आला नाही, असं त्याला झालं.

संध्याकाळी तो किल्ल्यांच्या दुकानात गेला. दुकान आता मेहुणी चालवत होती. ती बायकोची धाकटी बहीण, जिभेने मोठीपेक्षा तिखट. तिने किल्ली घासता घासता त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि यंत्र बंद केलं.

"काय झालं, भाऊजी?"

त्याने सांगितलं. तिला पेशी, विषाणू यातलं फार काही कळत नसे, पण हार कळत होती.

"मग आता?"

"उद्या हेडबाईला सांगतो. लेख मागे घेण्याच्या कागदावर सही करून टाकतो."

"उद्या?"

"त्यात थांबायचं कशाला?"

मेहुणी एकदम भडकली. "अहो, लग्नात मंडपात यायला तुम्ही इतका उशीर केलात की भटजी निघून चालले होते. ताईला दवाखान्यातून घरी आणताना रिक्षा थांबवून तुम्ही औषधं तीनदा तपासलीत. जन्मात कधी घाई केली नाहीत, आणि ताईचं काम बुडवायची वेळ आली तेव्हा कुठून आली हो घाई?"

"तिचं काम नव्हतं गं ते. माझं होतं."

"खड्ड्यात गेलं तुमचं. प्रश्न कुणाचा होता?"

ती पुन्हा यंत्र सुरू करून किल्ली घासायला लागली आणि त्या आवाजात म्हणाली, "जेवून जा. आणि सही करायच्या आधी दहा वेळा बघा, दरवेळी बघता तसं."

कासवाची एक खोड होती. कुठलीही प्लेट फेकून देण्याआधी तो ती एकदा सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, कामाची असो नसो. प्रयोगशाळेत त्यावरूनही चेष्टा व्हायची, निरोप समारंभ चाललाय म्हणून. सकाळी पाहुणीच्या आणि त्याच्या प्लेटा ब्लीचमध्ये टाकायला काढून ठेवल्या होत्या. पाहुणीची गाडी संध्याकाळची होती. हेडबाई अजून आली नव्हती. कासवाने पाहुणीची प्लेट उचलून सूक्ष्मदर्शकाखाली लावली आणि डोळा टेकवला.

पहिल्या वाटीत हिरवं होतं, भरपूर होतं. पण सगळीकडे नव्हतं. एका बाजूला, कडेपासून थोडं आत, एक गोल ठिपका, आणि त्यातून निघालेली एक शेपटी. बाकी वाटी काळीभोर.

दुसरी वाटी. तिथेही ठिपका. त्याच बाजूला.

तिसरी, चौथी. कासवाने पुढची रांग लावली. प्रत्येक वाटीत ठिपका, प्रत्येक ठिपका त्याच जागी, शेपटी त्याच दिशेला. जणू कुणी शिक्के मारत गेलंय.

त्याने खुर्ची मागे सरकवली. मग त्याने हाक मारली, आणि ती हाक इतकी मोठी होती की कॉरिडॉरच्या टोकाला चहा घेत असलेली पाहुणी पळतच आली.

"बघा," तो म्हणाला. "सगळ्या वाट्या बघा. मी काही बोलत नाही."

तिने बघितलं. भरभर बघणारी बाई, पण यावेळी सावकाश बघितलं.

"सगळे डावीकडेच आहेत," ती म्हणाली.

"विषाणूला डावं-उजवं कळतं का?"

"नाही."

"मग कुणाला कळतं?"

पाहुणीने मान वर केली. तिने आपला डावा हात समोर धरला, हवेत पिपेट धरल्यासारखा केला आणि अंगठा दाबला. मग ती अशी काही ओरडली की कासव दचकला. "मी! मी मारते ना फवारा तिथे! टोक सरळ पेशींवर धरून सोडते, लवकर होतं म्हणून. पाण्याच्या धारेने थर फाटतो तिथला!"

"मी कसा सोडतो?"

"तुम्ही वाटीच्या भिंतीवर सोडता. ओघळत खाली येतं. अहो सर, परवा बघितलं मी आणि मनात म्हटलं, किती हा नखरा."

"म्हणजे तुमच्या वाटीत भिंत फुटलेली होती," कासव म्हणाला.

"आणि तिथूनच आत गेला तो. तुम्ही म्हणता तसाच!" तिने कपाळावर हात मारला. "आम्ही कधी बघितलंच नाही हो. यंत्र आकडा देतं, आम्ही आकडा लिहितो. आमच्याकडे झाडून सगळे असंच सोडतात. मीच शिकवलंय सगळ्यांना!"

तेवढ्यात हेडबाई आली. तिला दाखवलं. ती बराच वेळ डोळा लावून बसली आणि उठून म्हणाली, "झकास आहे. पण पुरत नाही. ही म्हणते तो म्हातारा विषाणू जिवंत असतो की मेलेला, ते कुठे कळलं?"

"बरोबर आहे," पाहुणीच म्हणाली. तिचं तोंड आता पार बदललं होतं. आदल्या दिवशी ती जिंकायला बसली होती, आता तिला फक्त कळून घ्यायचं होतं. "असं करू. फवारा मारायचा तो नुसत्या पाण्याचा, विषाणू नसलेला. मी डाव्या हाताने मारते, सर उजव्या हाताने मारतील. मग विषाणू सोडायचा सरांसारखा, भिंतीवरून, अगदी हळू. आणि तोही सरांच्या टेबलावर मुद्दाम ताटकळत ठेवलेला, म्हातारा. तो मेलेला असेल तर कुठेच हिरवं येणार नाही, मी खरी. जिवंत असेल तर..."

"तर तुमच्या वाट्यांत डावीकडे येईल आणि माझ्या वाट्यांत उजवीकडे," कासव म्हणाला. "जिथे फवारा नाही तिथे काही नाही. आणि आणखी काही वाट्या अशा ठेवू, की फवारा मारून एक दिवस सोडून द्यायच्या. थर पुन्हा जुळला की मग विषाणू. त्यांच्यातही काही येता कामा नये."

"आणि नाही आलं तसं, तर?" हेडबाईने विचारलं.

"तर सही करतो. तुझ्यासमोर, इथे बसून."

पाहुणीने गाडीचं तिकीट रद्द केलं.

त्यानंतर प्रयोगशाळेत जी करमणूक झाली तिची आठवण लोक अजून काढतात. कासवाला फवारा मारता येईना. तो पिपेट सरळ पेशींवर धरायचा, डोळे मिटायचा आणि तरी थेंबच पडायचा.

"जोरात, सर! शत्रू समजा!"

"अगं, पण मला नाही जमत त्यांच्या अंगावर ओतायला."

"अंगावर नाही, तोंडावर मारा! माझ्या सरांचं तोंड समजा!"

शेवटी त्याने मारला एकदाचा. मग पाहुणीची पाळी. भिंतीवरून हळूहळू सोडायचं म्हणताना तिचा पाय टेबलाखाली शिलाई यंत्र चालवल्यासारखा हलायला लागला. दर वाटीला ती उसासा टाकायची. "सर, तुम्ही आयुष्यभर हे करता? तुम्हाला वेड कसं लागलं नाही?"

"लागलेलंच आहे, तू नवीन आहेस म्हणून कळलं नाही," हेडबाई म्हणाली.

विषाणूची बाटली तोवर कासवाच्या टेबलावर ताटकळत पडली होती.

निकालाच्या दिवशी कुणी काम केलं नाही. दार लोटून सगळी मंडळी सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत घुसली आणि मॉनिटरसमोर दाटीवाटीने उभी राहिली. दिवे बंद केले. कासव म्हणाला, "पाहुण्यांनी लावावं." पाहुणी म्हणाली, "नको, मी घाईत पाडीन." शेवटी हेडबाईने लावली प्लेट.

आधी फवारा न मारलेल्या वाट्या. पडदा काळा. एका कोपऱ्यात एखादी हिरवी पेशी, बास. कुणी टाळी वाजवली नाही, कारण विषाणू मेलेला असता तरी काळंच दिसलं असतं.

मग पाहुणीच्या वाट्या. हेडबाईने हळूहळू सरकवलं. काळं, काळं, आणि मग डावीकडून पडद्यावर हिरवा ठिपका वर आला, शेपटीसकट, इतका झगझगीत की पुढे उभ्या असलेल्यांचे चेहरे उजळले.

"म्हातारा जिवंत आहे!" पाहुणी किंचाळली.

"थांबा," कासव म्हणाला. "माझ्या."

हेडबाईने त्याची रांग लावली. या वेळी डावीकडे काही नव्हतं. तिने उजवीकडे सरकवलं. ठिपका उजवीकडे होता. जरा ओबडधोबड, फवारा मारायची सवय नसलेल्या माणसाचा, पण उजवीकडे. पुढच्या वाटीत उजवीकडे. त्याच्या पुढच्या वाटीत उजवीकडे. खोलीत आता प्रत्येक वाटीला आरडाओरडा व्हायला लागला. कुणीतरी टेबल बडवत होतं.

थर जुळू दिलेल्या वाट्यांना आणखी वेळ लागणार होता. त्या दुसऱ्या दिवशी बघितल्या. पेशींनी फाटलेलं शिवून घेतलं होतं, आणि विषाणू वरच राहिला होता. पडदा काळा. प्रयोगशाळेत काळ्या पडद्यावर इतक्या टाळ्या कधी पडल्या नव्हत्या.

पाहुणीने तिथल्या तिथे तिच्या सरांना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावा म्हणून आवाज मोठा केला. तिने पहिल्यापासून सांगितलं, स्वतःचा फवारासुद्धा.

"सगळ्या वाट्यांत?" पलीकडून आवाज आला.

"सगळ्या. माझ्या डावीकडे, त्यांच्या उजवीकडे. सर, आपले आकडे खरे होते. पण ते आपल्या हातांचे होते."

मग तो माणूस मोकळेपणाने हसला. "म्हणजे आपण इतके महिने त्यांचंच म्हणणं सिद्ध करत होतो."

"हो, सर. आणि तेही त्यांच्यापेक्षा जोरात."

"आक्षेप मागे घेतो. आजच कळवतो. ते आहेत का तिथे? त्यांना विचार, हे नवीन काम दोन्ही प्रयोगशाळांनी मिळून छापायचं का?"

सगळे कासवाकडे बघायला लागले. त्याने मान हलवली, मग फोनवर मान दिसत नाही हे लक्षात येऊन म्हणाला, "छापू. पण लिहायला मी बसणार. वेळ लागेल."

हेडबाईने कपाळाला हात लावला. हशा पिकला. कुणी चहा सांगायला धावलं, पाहुणी भिंतीवरून थेंब कसा सोडायचा ते दोघातिघांना हात धरून दाखवायला लागली. त्या गलक्यात कासव हळूच दार उघडून बाहेर पडला.

जिन्यात कोणी नव्हतं. मधल्या चौथऱ्यावर खिडकीतून ऊन येत होतं. तो तिथे थांबला, कठड्याला दोन्ही हात टेकले. डोळे भरून आले होते, ते त्याने पुसले नाहीत. मग मोकळ्या जिन्यात, चांगल्या खणखणीत आवाजात तो म्हणाला, "जिंकलो गं!"

खालून वॉचमन वर येत होता. तो थबकला. "काय साहेब, मॅच होती का?"

"हो."

"कोण जिंकलं?"

"आम्ही दोघं," कासव म्हणाला.

"घासून झाली?"

"छे," कासव म्हणाला, "दणक्यात जिंकलो." आणि तो पुन्हा वर निघाला, एका वेळी दोन पायऱ्या चढत.